जपानची तीन राजचिन्हे आणि त्यांची राखण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसा, तलवार आणि मणी. जपानच्या सम्राटाचे सम्राटपण या तीन वस्तूंशी बांधलेले आहे. त्या कोणाला दाखवल्या जात नाहीत आणि त्यांचे एकही छायाचित्र नाही. त्यांच्याविषयी मराठीत विचारले जाणारे बहुतेक प्रश्न तलवारीपासून सुरू होतात आणि तलवारीपाशीच संपतात. मला स्वतःला ती सांभाळणारी माणसे जास्त मोलाची वाटतात, आणि त्यातही बायका. म्हणून इथे वस्तूंबद्दल गरजेपुरते लिहिले आहे, राखणीबद्दल हात सैल सोडून.

ही तीन राजचिन्हे कोणती आणि ती कुठे असतात?

जपानीत त्यांना ‘सान्शु नो जिंगी’ म्हणतात, म्हणजे तीन प्रकारची देवचिन्हे. ‘याता नो कागामी’ हा आरसा मिए प्रांतातल्या इसे येथील महामंदिरात असतो, तिथल्या आतल्या मंदिरात, ज्याला नाइकू म्हणतात. ‘कुसानागी नो त्सुरुगी’ ही तलवार नागोया शहरातल्या आत्सुता मंदिरात असते. ‘यासाकानी नो मागातामा’ हा मणी टोकियोच्या राजवाड्यात, खुद्द सम्राटाच्या निवासात.

आरसा म्हटल्यावर काच डोळ्यांपुढे आणू नका. त्या काळचे आरसे काशाचे असत, ओतलेले आणि घासून घासून चकचकीत केलेले. मागातामा म्हणजे कोयरीच्या आकाराचा, एका टोकाला भोक पाडलेला मणी. जपानच्या जुन्या थडग्यांत असे मणी पुष्कळ सापडले आहेत. त्यांतल्या उत्तम हिरव्या मण्यांचा दगड आजच्या निइगाता प्रांतातल्या इतोइगावा भागातला आहे.

यांची मूळ कथा काय आहे?

ती ‘कोजिकी’ (इ.स. ७१२) आणि ‘निहोन शोकी’ (इ.स. ७२०) या दोन जुन्या ग्रंथांत आहे. सूर्यदेवी आमातेरासु भावाच्या, म्हणजे सुसानोओच्या, दांडगाईला कंटाळून गुहेत जाऊन बसली आणि जग अंधारले. देवांनी एक आरसा आणि मण्यांची माळ घडवून घेतली आणि साकाकी नावाच्या सदाहरित झाडावर टांगली. मग एका देवीने असा काही नाच केला, की सगळे देव खदाखदा हसले. एवढे कशाला हसताहेत, म्हणून आमातेरासूने शिळा जराशी सरकवली, तिला समोर आरशात तेज दिसले आणि ती बाहेर आली.

हाकलून दिलेल्या सुसानोओने पुढे इझुमो प्रदेशात आठ डोक्यांच्या सर्पाला तांदळाची दारू पाजून मारले. त्याच्या शेपटीत तलवार निघाली. ती त्याने बहिणीला दिली. आमातेरासूने नातू निनिगीला पृथ्वीवर पाठवताना तिन्ही वस्तू त्याच्या हाती दिल्या आणि सांगितले, की या आरशाकडे मला पाहिल्यासारखे पाहा.

इथून पुढचा भाग लोक सहसा वाचत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. सुजिन सम्राटाला देवीबरोबर एका छपराखाली राहायची धास्ती वाटू लागली. त्याने आरसा राजवाड्याबाहेर नेण्यासाठी आपल्या मुलीकडे सोपवला. तिच्यानंतर यामातोहिमे ही राजकन्या आरशाला योग्य जागा शोधत गावोगाव फिरली आणि अखेर इसूझू नदीकाठी थांबली. तेच इसे. पुढे तिचा भाचा यामातो ताकेरू मोहिमेवर निघाला, तेव्हा तलवार त्याच्या हाती दिली ती याच आत्याने. शत्रूने गवताला आग लावून त्याला कोंडले, तेव्हा त्याने तलवारीने भोवतालचे गवत कापून जीव वाचवला. ‘कुसानागी’ हे नाव त्या गवतकापणीवरून पडले, असे सांगतात. नंतर तो तलवार बायकोजवळ, मियाझुहिमेजवळ, ठेवून इबुकी डोंगरावर गेला, तिथे आजारी पडला आणि परतला नाही. मियाझुहिमेने तलवारीची स्थापना केली. तेच आत्सुता.

म्हणजे लढायला तलवार पुरुषाने नेली, पण ती दिली आत्याने आणि जपली बायकोने.

तलवार आणि आरसा मंदिरांत आहेत, तर राजवाड्यात काय आहे? नकली?

नाही. हा शब्द इथे चुकीचा आहे, आणि मराठी माणसाला तो फरक समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे गाभाऱ्यातली मूर्ती जागची हलत नाही; पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. म्हणून उत्सवमूर्तीला कोणी नकली देव म्हणत नाही. राजवाड्यातली तलवार आणि आरसा यांना ‘काताशिरो’ म्हणतात. देवतेचे चैतन्य वसण्यासाठी विधिपूर्वक केलेले ते दुसरे रूप आहे. मणी मात्र मूळचाच राजवाड्यात आहे, असे परंपरा मानते. राजवाड्यातला आरसा ‘काशिकोदोकोरो’ या देवघरात असतो. तलवार आणि मणी निवासातल्या ‘केन्जी नो मा’ या खास खोलीत.

सम्राटसुद्धा त्या पाहत नाही, हे खरे का?

हो. पेट्या उघडायच्या नाहीत, हाच रिवाज आहे. उघडू पाहणाऱ्यांच्या दंतकथा अनेक आहेत. दहाव्या शतकातल्या रेइझेइ सम्राटाने मण्याच्या पेटीची दोरी सोडायला घेतली, तर आतून पांढरा धूर निघाला. योझेइ सम्राटाने तलवार म्यानातून काढली, तर वीज चमकावी तसे झाले आणि त्याने ती हातातून टाकून दिली. आत्सुताच्या पुजाऱ्यांनी एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) चोरून पेटी उघडली, अशीही एक नोंद आहे. पेटीत पेटी होती आणि सर्वांत आत सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटर लांबीची, वेखंडाच्या पानासारख्या टोकाची, पांढुरकी तलवार होती, असे त्यात लिहिले आहे. पाहणारे पुढे आजारी पडून गेले, असेही. ही नोंद खरी मानावी का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आरशाच्या आकाराचा अंदाज मात्र पेटीवरून बांधता येतो. इसेच्या आरशासाठी केलेल्या गोल पात्राचा आतला व्यास जुन्या नोंदींनुसार सुमारे ४९ सेंटिमीटर आहे. फुकुओका प्रांतातल्या हिराबारू इथे उत्खननात ४६.५ सेंटिमीटर व्यासाचे प्राचीन काशाचे आरसे मिळाले. याता नो कागामी याच जातीचा असावा, असे काही पुरातत्त्वज्ञांनी त्यावरून मांडले.

शपथ घेतलेले रक्षक असतात का? एखादी गुप्त संघटना?

कथा-चित्रपटांत असतात. वास्तवात पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे चालत आलेली रक्षकांची टोळी वगैरे काही नाही. राजवाड्याला ‘कोगू केइसात्सु’ हे वेगळे पोलीस दल आहे, १८८६ साली स्थापन झालेले. त्यांचे काम सम्राट, राजकुटुंब आणि वाडे यांची सुरक्षा.

पण तुम्ही ‘शपथबद्ध’ म्हणजे आयुष्य वाहिलेले असे विचारत असाल, तर हो, अशी माणसे होती आणि आजही आहेत. त्यांच्या हाती शस्त्र नसते. त्यांची राखण सोवळ्यातली असते: काय खायचे, कुठे झोपायचे, कोणता शब्द तोंडातून काढायचा नाही, कशाला शिवायचे नाही. त्यात सर्वांत मोठे नाव साइओचे.

साइओ कोण होत्या?

सम्राटाच्या वतीने इसेच्या देवीची सेवा करायला पाठवलेली अविवाहित राजकन्या म्हणजे साइओ. परंपरा सुरुवात यामातोहिमेपासून धरते. इतिहासाच्या पक्क्या उजेडात येणारी पहिली साइओ म्हणजे तेन्मू सम्राटाची मुलगी ओकु, इ.स. ६७४ मध्ये इसेला गेलेली. तिथून चौदाव्या शतकापर्यंत, सुमारे ६६० वर्षे, साठाहून अधिक राजकन्या या जागेवर येऊन गेल्या.

नवा सम्राट गादीवर आला, की कौल लावून मुलगी निवडत. कधी ती जाणती असे, कधी अगदी लहान. आधी राजवाड्यात, मग क्योतोजवळ सागानोच्या नोनोमियात तिचे शुद्धीकरण चाले. दोन-तीन वर्षे अशी गेल्यावर ती शेकडो माणसांच्या लवाजम्यासह डोंगर ओलांडून इसेला निघे. निघण्यापूर्वी सम्राट स्वतः तिच्या केसांत कंगवा खोवत असे आणि सांगत असे, राजधानीकडे वळून पाहू नकोस. ती परत येणार ती सम्राट गेल्यावर किंवा गादीवरून उतरल्यावर, नाहीतर घरात कोणाचा मृत्यू झाल्यावर. म्हणजे तिचे परतणे म्हणजे जवळजवळ नेहमीच कोणाचे तरी जाणे. त्या कंगव्याच्या क्षणी बापाने मुलीला ‘लवकर ये’ असे म्हणणेही अशुभ होते.

ती राहत असे साइकू नावाच्या वस्तीत, आजच्या मेइवा गावात. मुख्य मंदिरात मात्र ती वर्षातून तीनदाच जाई: सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात. बाकीचे दिवस नियम पाळायचे. तिथल्या भाषेचेही सोवळे होते. बौद्ध धर्माशी आणि अशुभाशी जोडलेले शब्द उच्चारायचे नाहीत. बुद्धाला ‘मधला’ म्हणायचे, सूत्रग्रंथाला ‘रंगवलेला कागद’, भिक्षूला चक्क ‘लांब केसांचा’. रक्ताला ‘घाम’. आजारपणाला ‘विश्रांती’. मरणे म्हणजे ‘बरे होणे’.

हे वाचून आपल्याला नवल वाटू नये. आपल्या आज्या बांगडी ‘फुटली’ म्हणत नसत, ‘वाढवली’ म्हणत. निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’. शब्दाने घर राखायची रीत आपल्याकडेही होतीच. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीने, आईबापांपासून दूर, रोजच्या रोज ‘रडणे’ या शब्दालाही दुसरा शब्द वापरायचा, हा विचार आला की मला पुढे वाचणे अवघड जाते. रडण्याला ‘खारे पाणी ठिबकणे’ म्हणत.

यातल्या कोणी राजचिन्हासाठी जीव दिला का?

‘निहोन शोकी’त युर्याकू सम्राटाच्या तिसऱ्या वर्षी एक प्रसंग नोंदवला आहे. तो कथा म्हणून वाचा, पण वाचा. ताकुहाता ही राजकन्या इसेच्या देवीच्या सेवेत होती. एका दरबाऱ्याने तिच्यावर आळ घेतला, की ती एका तरुणापासून गरोदर आहे. बापाने चौकशीला माणसे पाठवली. तिने आरोप नाकारला. मग एका रात्री देवीचा आरसा घेऊन ती इसूझू नदीच्या वरच्या अंगाला गेली, निर्मनुष्य जागी आरसा पुरला आणि गळफास घेतला. सम्राटाने अंधारात चहूकडे शोध घ्यायला लावला, तेव्हा नदीवर सर्पासारखे इंद्रधनुष्य उभे राहिलेले दिसले. त्याच्या पायथ्याशी खणले, तर आरसा मिळाला आणि जवळच तिचा देह. खात्री करून घेण्यासाठी पोट चिरले, तर आत फक्त पाण्यासारखे काही आणि त्यात एक दगड.

आरशाची मोडतोड होऊ नये म्हणून तिने आधी तो पुरला. अब्रू गेल्यावरही तिने काम अर्धवट सोडले नाही.

तलवार समुद्रात बुडाली म्हणतात, ते कधी?

११८५ साली, दान-नो-उराच्या लढाईत. ताइरा आणि मिनामोतो या दोन लढवय्या घराण्यांमधला संघर्ष तिथे संपला. ताइरा ११८३ मध्ये राजधानी सोडून पळाले, तेव्हा बालसम्राट आन्तोकू आणि तिन्ही राजचिन्हे बरोबर घेऊन गेले होते. आजच्या शिमोनोसेकीजवळच्या सामुद्रधुनीत शेवटची लढाई झाली. हरल्याचे दिसताच आन्तोकूची आजी तोकिको हिने मणी काखेत घेतला, तलवार कमरेला खोवली, सहा वर्षांच्या नातवाला छातीशी धरले आणि लाटांत उडी घेतली. लाटांखालीही राजधानी आहे, असे ती नातवाला म्हणाली, असे युद्धकथा सांगतात.

आरशाची पेटी घेऊन दुसरी एक स्त्री उडी मारायला धावली, पण बाणाने तिचा झगा नावेच्या काठाला खिळला. सैनिकांनी पेटीचे कुलूप तोडले आणि झाकण उचलू लागताच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, नाकातून रक्त आले. तेव्हा कैद झालेला ताइरा तोकितादा ओरडला, की तो पवित्र आरसा आहे, सामान्य माणसाने पाहायचा नाही. हा सगळा प्रसंग कथाकारांनी रंगवलेला असेल. पण पकडला गेलेला माणूससुद्धा आधी आरशाचा विचार करतो, ही गोष्ट ऐकणाऱ्यांना पटत होती, हे महत्त्वाचे.

मण्याची पेटी पाण्यावर तरंगताना सापडली. तलवार सापडली नाही. शोध झाला, प्रार्थना झाल्या, उपयोग झाला नाही. ती तलवार राजवाड्यातले काताशिरो होती. आत्सुताची तलवार जागेवरच होती, असे परंपरा सांगते. पुढे इसेहून आलेल्या एका तलवारीला १२१० पासून राजवाड्याची तलवार मानले गेले. त्या काळचा इतिहासकार भिक्षू जिएन याने लिहिले, की आता सम्राटाचे रक्षण योद्धे करणार असल्याने तलवार निघून गेली. हरवण्याचा इतका शांत अर्थ लावणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

कधी चोरी झाली का?

दोनदा, नाव घेण्यासारखी.

इ.स. ६६८ मध्ये दोग्यो नावाच्या भिक्षूने आत्सुताची तलवार चोरून कोरियातल्या सिल्ला राज्याकडे प्रयाण केले. वादळाने त्याला परत फिरवले. तलवार नंतर राजवाड्यात राहिली. ६८६ मध्ये तेन्मू सम्राट आजारी पडला, तेव्हा कौलात निघाले, की हा कुसानागीचा कोप आहे. म्हणून ती आत्सुताला परत पाठवली. त्या परतीचा आनंद आत्सुतात अजूनही साजरा होतो, ४ मे रोजी रात्री. दिवे मालवतात. पुजाऱ्यांच्या बाहीत मुखवटे लपवलेले असतात, ते कोणी पाहायचे नाहीत. पुजारी पंख्याने बाहीतल्या मुखवट्यावर हलकेच टकटक करतात आणि बासरीबरोबर सगळे एकदम ‘ओहोहो’ म्हणून हसतात. जागा बदलून पुन्हा तेच. तेराशे वर्षांपूर्वी घरी आलेल्या वस्तूसाठी अंधारात हसणारी ही माणसे मला शस्त्रधारी पहारेकऱ्यांपेक्षा जास्त विश्वासाची वाटतात.

दुसरी चोरी १४४३ ची, आणि ती राजकारणाची. चौदाव्या शतकात राजघराणे फुटून दक्षिण आणि उत्तर असे दोन दरबार झाले होते. ‘खरी राजचिन्हे आमच्याकडे’ हाच दक्षिणेच्या दाव्याचा कणा होता. १३९२ मध्ये दक्षिणेच्या सम्राटाने ती उत्तरेच्या स्वाधीन केली आणि फूट मिटली, निदान कागदावर. दक्षिणेच्या पक्षपात्यांनी १४४३ मध्ये क्योतोच्या राजवाड्यावर हल्ला करून तलवार आणि मणी पळवले. तलवार लवकरच कियोमिझू मंदिरात सापडली. मणी मात्र योशिनोच्या डोंगरांत पंधरा वर्षे राहिला. आकामात्सू या बुडालेल्या घराण्याच्या उरल्यासुरल्या माणसांनी दक्षिणेच्या राजपुत्रांचा विश्वास मिळवला, १४५७ मध्ये त्यांना ठार केले आणि पुढच्या वर्षी मणी क्योतोला परत आला. मोबदल्यात घराण्याला मानमरातब परत मिळाला. राखण म्हटली, की असेही हात त्यात असतात.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचे काय झाले?

जुलै १९४५ मध्ये शोवा सम्राटाने, म्हणजे हिरोहितो यांनी, आपला सल्लागार किदो कोइची याला सांगितले, की इसे आणि आत्सुता इथली चिन्हे आपल्याजवळ आणून ठेवावीत आणि वेळ आलीच तर आपण त्यांच्यासोबत जे होईल ते भोगू. किदोच्या रोजनिशीत ही नोंद आहे. शत्रू इसेच्या उपसागरात उतरला तर दोन्ही मंदिरे त्याच्या हाती जातील, ही त्यांची भीती होती. शरणागतीमागे अणुबाँब आणि सोव्हिएत आक्रमण यांचे वजन होते, हे कोणी नाकारत नाही. पण सम्राटाने नंतर सांगितलेल्या कारणांत ही चिन्हेही आहेत. आत्सुताच्या इमारती त्या वर्षीच्या हवाई हल्ल्यांत जळाल्या. तलवार वाचली. शरणागतीनंतर, परकी फौजा येण्याच्या धास्तीने, ती हिदाच्या डोंगराळ भागातल्या मिनाशी मंदिरात सुमारे महिनाभर हलवली होती.

इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात, ते का?

याला ‘शिकिनेन सेन्गू’ म्हणतात. शेजारी-शेजारी दोन जागा आहेत. एकीवर मंदिर उभे असते, दुसरी मोकळी. वीस वर्षांनी मोकळ्या जागेवर हिनोकी लाकडाचे तसेच मंदिर उभे राहते, देवी तिथे जाते आणि जुने उतरवतात. पहिले सेन्गू इ.स. ६९० मध्ये झाले, बासष्टावे २०१३ मध्ये, पुढचे २०३३ मध्ये. देवीची वस्त्रे, तलवारी, आरसे, विणकामाची साधने असे ७१४ प्रकारचे १५७६ नगही नव्याने घडवतात.

कारणे अनेक सांगितली जातात. लाकूड जमिनीत थेट रोवलेले असल्याने कुजते, हे एक. मला पटणारे कारण हातांचे आहे. वीस वर्षांत शिकाऊ सुतार कसबी होतो आणि कसबी गुरू. एकाच माणसाला आयुष्यात दोन-तीनदा हे काम मिळते, एकदा शिकायला, एकदा शिकवायला. याची साखळी तुटली तर काय होते, तेही त्यांनी पाहिले आहे: युद्धांच्या धामधुमीत १४६२ नंतर नाइकूचे सेन्गू थेट १५८५ मध्ये झाले. पैसे गोळा करून ते पुन्हा उभे करण्यात भिक्षुणींचा मोठा वाटा होता. देवीच्या परंपरेत बौद्ध नाव घ्यायचे नाही, आणि देवीचे घर बांधायला बौद्ध बायका दारोदार फिरल्या!

२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री आठ वाजता सगळे दिवे विझवले. कोंबड्याच्या आरवण्यासारखी आरोळी तीनदा झाली. मग पांढऱ्या रेशमाच्या पडद्याआड आरसा जुन्या घरातून नव्या घरात गेला. लोक होते, कॅमेरे होते, पण दिसला तो फक्त पांढरा पडदा, अंधारातून सरकणारा.

आज रोजची राखण कोण करते?

इसेला बाहेरच्या मंदिरात, म्हणजे गेकूत, रोज सकाळ-संध्याकाळ देवतांना जेवण वाढतात. भात, मीठ, पाणी, मासे, भाज्या, फळे, साके. त्यासाठी लाकडावर लाकूड घासून अग्नी काढतात. पाळीचे पुजारी आदल्या रात्री मंदिराच्या आवारातच मुक्कामाला असतात. सुमारे पंधराशे वर्षे हे अखंड चालू आहे, असे मंदिर सांगते.

राजवाड्यातल्या आरशाजवळ ‘नाइशोतेन’ असतात. या अविवाहित स्त्रिया आवारातच राहतात. जुन्या दरबारात आरशाची सेवा ‘नाइशी’ या स्त्री-अधिकारी करत, त्यांची ही पुढची साखळी. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्ट ‘कियो’ किंवा ‘त्सुगी’ असते, आपल्या भाषेत सोवळी किंवा ओवळी. पैशाला किंवा पादत्राणाला हात लागला, की हात धुवायचे. मासिक पाळीत देवघरापासून दूर राहायचे. ज्या घरांत असे नियम पाहिले आहेत, तिथल्या बायकांना यातला भार वेगळा सांगायला नको. मी त्या नियमांचे कौतुक करत नाही. पण पहाटे उठून हे सगळे सांभाळणाऱ्या बाईचे नाव कुठल्याही समारंभात येत नाही, हे मात्र लिहून ठेवावेसे वाटते.

२०१९ मध्ये दूरदर्शनवर दिसल्या त्या पेट्या कसल्या?

आकिहितो सम्राट ३० एप्रिल २०१९ रोजी पायउतार झाले. १ मे रोजी सकाळी नारुहितो यांच्यासमोर तलवार आणि मणी, पेटीबंद आणि वस्त्रात गुंडाळलेले, ठेवले गेले. राज्याची आणि सम्राटाची मुद्रा ठेवली गेली. कोणी बोलले नाही. दहा मिनिटेही लागली नाहीत. आरसा हलत नाही. त्याच वेळी काशिकोदोकोरोत वेगळा विधी सुरू होता.

त्या दालनात राजघराण्यातली एकही स्त्री नव्हती. सम्राज्ञी मासाकोही नव्हत्या. रिवाजानुसार फक्त प्रौढ राजपुरुष हजर असतात. मंत्रिमंडळाच्या वतीने उपस्थित असलेल्यांत एकमेव महिला मंत्री कातायामा सात्सुकी होत्या, आणि आधुनिक काळात या विधीला हजर राहिलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या वस्तू आत्यांनी, आज्यांनी, लेकींनी जपल्या, त्या सोपवताना घरच्या बायका दाराबाहेर. मला हे खटकते, आणि परंपरेवर प्रेम असल्यामुळेच जास्त खटकते.

यावर कर लागतो का?

नाही. गादीबरोबर चालत येणाऱ्या वस्तूंना वारसा-कर माफ आहे. २०१९ मध्ये पेच वेगळा होता. सम्राट हयात असताना वस्तू मुलाकडे गेल्या, म्हणजे कायद्याने ते बक्षीस ठरले असते. म्हणून २०१७ च्या विशेष कायद्यात बक्षीस-करातूनही सूट लिहून घ्यावी लागली.

तीन वस्तू म्हणजे तीन गुण, असे वाचले होते.

चौदाव्या शतकातल्या किताबाताके चिकाफुसाने आरसा म्हणजे सरळपणा, मणी म्हणजे करुणा आणि तलवार म्हणजे शहाणपण असा अर्थ लावला. आज तलवार म्हणजे शौर्य आणि आरसा म्हणजे शहाणपण अशी मांडणी जास्त ऐकू येते. १९५० च्या दशकात जपानी घरांत ‘तीन देवचिन्हे’ म्हणजे टीव्ही, धुलाईयंत्र आणि फ्रिज, असाही वाक्प्रचार झाला.

जपानला गेलो तर काय पाहता येईल?

चिन्हे नाहीत. जागा मात्र सगळ्या. इसेला उजी पूल ओलांडून, इसूझू नदीत हात धुऊन आत जा. मुख्य मंदिराच्या दगडी पायऱ्यांखालीच फोन ठेवून द्यावा लागतो, वर छायाचित्रे चालत नाहीत. वर गेल्यावर समोर पडदा असतो. वाऱ्याने तो हलतो, तेवढेच दर्शन. दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. आत्सुतात २०२१ मध्ये तलवारींचे ‘कुसानागी-कान’ हे दालन उघडले. नाव तिचे आहे, ती तिथे नाही, पण इतर तलवारी पाहण्यासारख्या आहेत. शिमोनोसेकीला आकामा मंदिर आन्तोकूचे आहे, लाल आणि पांढरे, बालसम्राटाच्या लाटांखालच्या राजधानीसारखे. एकच जागा निवडायची असेल, तर मी मेइवा गावातले साइकूचे संग्रहालय निवडेन. गर्दी नसते. जवळच वस्तीच्या उत्खननाची मोकळी जमीन पसरलेली आहे.

पुढे ही राखण कोणाकडे जाणार?

कायद्याने गादी फक्त पुरुषाकडे जाते, आणि घराबाहेर लग्न केलेली राजकन्या राजघराण्यातून बाहेर पडते. नारुहितो यांना एकच अपत्य आहे, राजकन्या आइको. पुढच्या पिढीत वारस म्हणून त्यांचा पुतण्या हिसाहितो, २००६ साली जन्मलेला, हा एकटाच आहे. स्त्रीला गादी मिळावी का, यावर जपानमध्ये वर्षानुवर्षे चर्चा आहे.

इसेची बाजू वेगळी आहे. तिथले सर्वोच्च धार्मिक पद ‘साइशू’ युद्धापूर्वी राजघराण्यातले पुरुष सांभाळत. युद्धानंतर ते राजघराण्यात जन्मलेल्या आणि लग्नाने बाहेर गेलेल्या स्त्रियांकडे आले. आधी मेइजी सम्राटाची मुलगी, मग शोवा सम्राटाच्या दोन मुली एकामागून एक. २०१७ मध्ये त्यांतल्या धाकटीने, इकेदा आत्सुको यांनी, पद सोडले आणि ते त्यांच्या भाचीकडे आले. आत्याकडून भाचीकडे. ही भाची म्हणजे कुरोदा सायाको, नारुहितो यांची बहीण, आइकोची आत्या.

मार्च २०२४ मध्ये आइको पदवीधर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता शिकिशी ही बाराव्या शतकातली कवयित्री राजकन्या, जी मुलगी असताना क्योतोच्या कामो देवस्थानात साइओसारखीच सेवेला बसवली गेली होती. पदवी मिळाल्यावर आइको एकटीच इसेला गेली, देवीला नमस्कार केला आणि त्याच दौऱ्यात मेइवाला जाऊन साइकूचे संग्रहालय पाहिले.